वाइनोच्या धनुष्याचा टेकू

ठक्.

दोन्ही मुलं एकदम झोपली की आमच्या घरात जी शांतता उतरते, तिला मी बोटसुद्धा लावत नाही. भांडी तशीच ठेवते, नळ सोडत नाही, खुर्ची ओढत नाही. त्या शांततेत मागच्या ओसरीत लाकडाचा ठोकळा पडल्यासारखा आवाज झाला. मी टाचा उचलून गेले. खिळ्यावरून हेल्मीचा हातमोजा खाली पडला होता.

लोकरीचा मोजा पडताना एवढा वाजतो का? उचलला तर गोठलेल्या माशासारखा ताठ. अंगठा एकीकडे, पंजा एकीकडे, जसं काही मला ‘थांब’ म्हणत होता.

ऑक्टोबर संपत आला होता, पण बर्फ पडायचा होता अजून. नुसती कोरडी थंडी. पोरीने मोजा पाण्यात बुडवला नव्हता, मी धुतलाही नव्हता. आदल्या दिवशी शनिवार, म्हणजे कॅम्पवर, सासरकडच्या शिकारीच्या घरी, साउना, तापल्या दगडांवर पाणी टाकून घ्यायची वाफ. मोजा संध्याकाळभर साउनाच्या बाहेरच्या खोलीत, कपडे बदलतो तिथल्या खुंटीवर टांगलेला होता. तिथून आणून मी तो या खिळ्याला अडकवला, एवढंच. वाफेने भिजला, ओसरीत गोठला.

आणि ती खुंटी माझ्या धनुष्याची होती.

मी मोजा दोन्ही हातांत धरून तिथेच उभी राहिले. तो हळूहळू विरघळायला लागला, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं, तरी मला तो ठेवून द्यायचं सुचेना. मागचं अख्खं वर्ष माझ्या हातांबद्दल जे जे ऐकून घेतलं होतं, ते सगळं त्या एका मोज्यात होतं.

आमच्याकडे हरणावर नेम चुकला की शर्टाची शेपटी कापतात. बाई असो की बाप्या. सासरे, म्हणजे रेनो, स्वतः कात्री घेऊन येतात, शर्टाचा मागचा पदर पँटमधून ओढून काढतात आणि हातभर तुकडा कापून चुलीवरच्या भिंतीला ठोकतात. वर नाव, साल. सगळे हसतात, ज्याची कापली तोही हसतो, हसावंच लागतं. आणि ज्याची शेपटी भिंतीवर चढली, त्याचं मचाण पुढच्या हंगामात दुसऱ्याला जातं. कॅम्पचा नियम. रेनोच्या वडिलांपासूनचा.

मागच्या वर्षी माझी कापली. निळ्या चौकड्यांच्या शर्टाची.

समोर शिंगाड्या नर उभा होता, इतका जवळ की त्याच्या नाकपुड्यांतली वाफ दिसत होती. मी ताणलं, श्वास सोडला, बाण सोडला, आणि बाण शेपटी हलवत भलतीकडेच गेला, बर्चच्या खोडात. नर उडी मारून गेला. ओनी तेव्हा पोटात होता, चार महिन्यांचा. मग काय, कारण सगळ्यांना आयतंच सापडलं.

“पोटुशीचे हात कसले स्थिर राहतात,” माझा दीर डेल म्हणाला. “टॉड, बायकोला घरी लोकर विणायला बसव.”

एकटे वाइनो हसले नाहीत. वाइनो म्हणजे रेनोचे थोरले भाऊ. धनुष्य त्यांचंच, सीडरच्या पाणथळीतलं मचाणही त्यांचंच. त्यांची लाल शेपटी भिंतीवर चढली त्याला बरीच वर्षं झाली. त्या दिवसानंतर त्यांनी धनुष्य उचललंच नाही. “हात गेले माझे,” म्हणायचे, आणि दर नोव्हेंबरात कॅम्पच्या स्वयंपाकघरात बसून बाकीच्यांसाठी कॉफी उकळायचे, कप दोन्ही हातांनी धरून आणून द्यायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला धनुष्य देताना तेवढंच बोलले, “घे. तुझे आहेत अजून.” माझी शेपटी कापली त्या दिवशी ते चुलीपासून म्हणाले, “हिचे हात चांगले आहेत.” कुणी ऐकलं नाही. यंदाच्या वसंतात ते गेले. हेल्मीच्या उशीखाली त्यांनी कोरलेली शिट्टी अजून असते.

या वर्षी सीडरच्या मचाणावर डेल बसत होता. नोव्हेंबरचे पहिले दिवस, नर माद्यांमागे वेडे होतात ते दिवस, तोंडावर आले होते. मला ते मचाण परत हवं होतं, आणि ती निळी चिंधी भिंतीवरून खाली हवी होती. एवढ्या दोनच गोष्टी.

सोमवारी मुलांना घेऊन गॉर्डीच्या दुकानात गेले. गॉर्डीकडे गळाला लावायचे किडे, काडतुसं, बाण आणि सकाळची शिळी कॉफी एकाच छताखाली मिळते. डेल खिडकीपाशी ती कॉफी पीत बसला होता. डेल नेहमी तिथेच असतो.

“टेकू हवाय,” मी म्हणाले. ओनी कडेवर, हेल्मी हाताशी.

“पडता ना? ये, नवीन आलाय, आवाजसुद्धा नाही.”

“ब्रशचा.”

गॉर्डीने चष्म्यावरून पाहिलं. “हेल्मीसाठी? पाचव्या वर्षी जरा लवकर होतंय.”

“माझ्यासाठी.”

डेल लगेच वळला. “बाळाच्या बाटल्या धुवायला नेतेस का गं, मार्नी?”

“बाटल्यांचा आहे माझ्याकडे. तुला तोंड धुवायला हवा असेल तर देईन.”

गॉर्डी खोकल्यासारखं करून हसला आणि दोन्ही टेकू काउंटरवर मांडले. बाण सोडेपर्यंत कशावर तरी टेकलेला हवा, तो हा टेकू. पडता टेकू म्हणजे एक छोटी लोखंडी काटी, दोन दातांची. ताणताना दोरी तिला वर ओढते, बाण तिच्यावर राहतो, आणि बाण सुटला की स्प्रिंग तिला खाली पाडते, म्हणजे मागची पिसं तिला न लागता निघून जातात. दुसरा म्हणजे एक कडं, आत सगळीकडून ताठ केस, मधोमध बाणापुरतं भोक. बाण केसांतूनच जातो. तोच हा ब्रश. कॅम्पमध्ये असला टेकू फक्त नातवंडांच्या धनुष्याला असतो.

“हे बघ,” गॉर्डी समजावायला लागला, “ब्रशमधून जाताना पिसं घासतात. बाण थोडा हळू होतो. सगळे पडताच वापरतात. तुझ्या सासऱ्यांना विचार.”

“विचारणार आहे. आधी तुला विचारते. यातला मला दगा कुठला देणार नाही?”

“दगा सगळेच देतात गं. पण हा कमी.” त्याने पडत्यावर बोट ठेवलं.

“दारात बर्फाची पेटी आहे ना तुझी? पाण्याचा फवारा दे.”

“मार्नी, विकायचे आहेत ते.”

“एक मी घेणारच आहे. दुसरा पुसून ठेव.”

फवाऱ्याने दोन्ही नुसते दमट केले, वाफ बसते तेवढेच, आणि बर्फाच्या पिशव्यांवर ठेवून झाकण लावलं. पडत्याची काटी मी दोऱ्याने वर ओढून बांधली होती, धनुष्य ताणलेलं असतं तशी. तोवर ओनीला पाजलं, किड्यांच्या डब्यांमागच्या स्टुलावर बसून. गॉर्डी भलत्याच कामात डोकं घालून राहिला. हेल्मी पेटीच्या काचेला नाक लावून पहारा करत होती.

“उघड आता,” मी म्हणाले.

गॉर्डीने दोन्ही काढले आणि ब्रश माझ्यापुढे नाचवला. केसांवर पांढरी भुरभुर, बोट लावलं तर काडीसारखे कडक. “झालं समाधान? तुझा ब्रशपण गोठला.”

“गोठला. पण दिसतंय ना तुला?” मी अंगठा फिरवला. चुरचुर आवाज झाला, भुरभुर खाली पडली, केस मोकळे. “आता त्याचा दोरा सोड.”

त्याने सोडला. काटी होती तिथेच राहिली. वर, ऐटीत, कुठे पांढरं नाही, काही नाही, दुकानात मांडली होती तशीच देखणी. गॉर्डीने टिचकी मारली तेव्हा पडली.



“ब्रश बिघडला की आधी सांगतो,” मी म्हणाले. “हा बाण गेल्यावर सांगतो.”

“पण धनुष्य कोण बर्फाच्या पेटीत ठेवतं?” डेल म्हणाला. “काहीतरीच!”

ब्रश खिशात टाकला. त्याचं उत्तर डेलसाठी नव्हतंच.

शनिवारी कॅम्पवर गेलो. टॉडला गाडीतच सगळं सांगितलं होतं. तो बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, “पप्पांना साउनाबद्दल बोललेलं चालत नाही. त्यांनी बांधलाय तो.”

“मीही बांधलंय काहीतरी,” मी म्हणाले. मागे दोघं झोपले होते, एकमेकांवर मान टाकून. त्यातल्या एकाला पोटात घेऊन मी मचाणावर बसले होते, आणि नेम चुकल्याचं खापर सगळ्यांनी त्याच्यावरच फोडलं होतं. बाळाचा काय दोष? हे मला झोपू देत नव्हतं. माझ्यावर घ्यायला मी तयार होते, त्याच्यावर नाही.

साउनाची आमची पद्धत ठरलेली. पुरुष आधी जातात. धनुष्यं बाहेरच्या खोलीत खुंट्यांना टांगतात, कारण रेनोचे वडील टांगायचे. त्यांची धनुष्यं लाकडाची होती, लाकडाला ऊब लागते म्हणे. आता कुणाचंच लाकडाचं नाही, खुंट्या मात्र आहेत. पुरुष बाहेर पडताना आपापली धनुष्यं काढून कॅम्पात नेतात. मग बायका-पोरं. आणि हेल्मीला दगडांवर पाणी टाकायचा नाद, एक पळी, अजून एक पळी, त्यामुळे सगळ्यात शेवटी निघतो ते आम्ही. सगळ्यात जास्त वाफ खातं ते माझंच धनुष्य. आमच्याआधीची कित्येक वर्षं सगळ्यात शेवटी वाइनो निघायचे. एकटे बसायचे, दगड गार होईपर्यंत.

वाइनोचं हे माझ्या लक्षात आलं ते तिथेच, हेल्मीचं डोकं पुसताना. तोपर्यंत मी फक्त माझाच विचार करत होते. दमट टॉवेल हातात, समोर खुंटीवर त्यांचं धनुष्य, त्यावर त्यांनीच बसवलेला पडता टेकू. मी तो मुद्दाम बदलला नव्हता. ब्रश अजून खिशातच होता.

“आई, केस ओढतेस,” हेल्मी म्हणाली.

सकाळी उजाडलं तेव्हा खिडक्यांवर बर्फाची नक्षी होती. मी खुंटीवरचं धनुष्य काढून बाहेरच्या पायरीवर ठेवलं, मचाणावर बसावं तेवढा वेळ. आत येऊन कॉफी घेतली, निसूचा, म्हणजे वेलचीच्या गोड पावाचा, तुकडा बुडवून खाल्ला. वेलचीचा वास आला की मला अजून वाइनो आठवतात. मग रेनोपुढे जाऊन उभी राहिले.

“रेनो, बाहेर या. एक बाण सोडायचाय तुम्हाला.”

“मला? का?”

“माझ्या धनुष्याने. पेंढ्याच्या गठ्ठ्यावर. हरणाएवढ्या अंतरावरून.”

डेल हसला. “पप्पा डोळे बांधून मारतील.”

“नकोत बांधायला. उघडेच असू देत,” मी म्हणाले. “पण अट आहे. लागला तर सीडरचं मचाण कायमचं डेलचं, मी पुन्हा नाव काढणार नाही. चुकला तर माझी शेपटी खाली येणार.”

“शेपटी खाली येत नसते, पोरी,” रेनो म्हणाले. रागाने नाही. हवामान सांगावं तसं. “एकदा वर गेली की गेली.”

“मग घाबरायचं काय? मारा आणि दाखवा.”

टॉडने ओनीला छातीशी धरून दार उघडलं. रेनो कोट न घालताच बाहेर आले. भावाचं धनुष्य हातात घेतलं तेव्हा एकदा त्याच्या मुठीवरून अंगठा फिरवला. दोघे भाऊ एकाच चणीचे, धनुष्य त्यांच्या हातात बेतल्यासारखं बसलं. ताणलं. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, पण मी एवढे स्थिर हात फार थोड्यांचे पाहिलेत. काटी वर आली. श्वास सोडला. बाण सोडला.

बाण शेपटी हलवत गेला. मागच्या वर्षी माझा गेला होता तसाच, तीच हलणारी शेपटी. गठ्ठ्याच्या बाजूने जाऊन लाकडांच्या राशीत खडखडला.

“शेपटी!” डेल सवयीने ओरडला. पुढचं हसू मात्र त्याच्या तोंडातच राहिलं.

रेनो बाणाकडे बघत नव्हते. ते हातातल्या धनुष्याकडे बघत होते. काटी अजून वर होती.

“पुसून मारलं असतं तर—” डेल म्हणाला.

“काय पुसलं असतंस?” मी म्हणाले. “दिसतंय का काही? जवळ ये, बघ. मला अंधारातून मचाणावर चढताना काय दिसणार होतं? वर्षभर तुम्ही सगळे माझ्या हातांकडे बघत राहिलात. माझ्या पोटाकडे बघत राहिलात. खुंटीकडे कुणी पाहिलं नाही.”

माझा आवाज चढला होता. ओनी दचकून रडायला लागला, टॉड त्याला थोपटत राहिला, पण आत गेला नाही.

रेनोंनी नखाने काटी दाबली. बारीक कट् असा आवाज झाला आणि ती पडली. त्यांनी पुन्हा वर केली. ती पुन्हा राहिली.

“वडील टांगायचे,” ते म्हणाले.

“त्यांची लाकडाची होती.”

“हं.”

खिशातून ब्रश काढून मी पायरीवर बसले आणि जुना टेकू सोडवायला लागले. बोटं गारठली होती, स्क्रू सरकत होता, पण मी कुणाला धरायला सांगितलं नाही. केस अंगठ्याने मोकळे करून दाखवले, बाण आत सरकवला, धनुष्य उलटं केलं, हलवलं. बाण जागचा हलला नाही. “हे यापुढे साउनात टांगलं जाणार नाही,” मी म्हणाले. “लाकडाच्या खोपटात राहील. आणि तिथेही दमट झालं तर हा मला आधी सांगेल. हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या.”

कुणी हसलं नाही. मी उभी राहिले, ताणलं, सोडलं. बाण गठ्ठ्याच्या मधोमध गेला. मला त्याचं काही वाटलं नाही, खरं सांगते. मला ते आधीपासून माहीत होतं.

रेनो आत गेले. आम्ही मागोमाग. त्यांनी फळीवरचा हातोडा घेतला, स्टूल ओढलं, चुलीवरच्या भिंतीपाशी चढले. या कॅम्पात तो हातोडा आजवर फक्त ठोकायला चालला होता. नख्यांत खिळा धरून त्यांनी ओढला. लाकूड कुरकुरलं, निळी चिंधी सुटली. खाली वाकून त्यांनी ती माझ्या हातात दिली. डेलने पाणथळीच्या वाटेवरच्या कुलपाची किल्ली गळ्यातून काढून टेबलावर ठेवली, माझ्या कपाच्या शेजारी, आणि बाहेर लाकडं फोडायला निघून गेला.

मला वाटलं होतं मी जिंकल्यावर मोठ्याने काहीतरी बोलेन. वर्षभर वाक्यं जुळवली होती, भांडी घासताना, ओनीला पाजताना. आता त्यातलं एकही आठवेना. चिंधी धुराने पिवळी पडली होती. तिला कॅम्पाचा वास येत होता.

रेनो अजून स्टुलावरच होते. हातोडा हातात. माझ्या खिळ्याचं भोक, आणि त्याच्या अगदी शेजारी लाल शेपटी. वाइनो, आणि साल. रेनोच्याच हाताने लिहिलेलं. त्यांनी हातोड्याच्या नख्या त्या खिळ्यापर्यंत नेल्या आणि तशाच धरून ठेवल्या. ओढेनात. खाली घेईनात. मघाशी बाण सोडताना जे हात लाकडासारखे स्थिर होते, ते आता थरथरत होते. हातोडा भिंतीवर टक टक वाजत होता.

“पप्पा, उतरा खाली,” टॉड हळूच म्हणाला.

ते उतरले नाहीत.

हेल्मी माझ्या पायाला टेकून सगळं बघत होती. तिच्या गळ्यात शिट्टी होती. तिने आधी माझ्या हातातली चिंधी बघितली, मग वरची लाल, मग टेबलावर पडलेला जुना टेकू.

“आई, वाइनोचे हातपण गेले नव्हते?”

“नव्हते, राणी.”

तिने शिट्टी मुठीत धरली. चुलीत लाकूड तडकलं.

“मग त्यांना आता कोण सांगणार?”